उलटं सोवळं

सिंगापूरमध्ये मराठी घरात खोली भाड्याने घ्यायची तर एक उत्तर तोंडपाठ ठेवावं लागतं. "नॉनव्हेज खाता का?" असं समोरून आलं की आवाज मऊ करून म्हणायचं, "नाही हो, आम्ही पूर्ण शाकाहारी." माझं हे उत्तर बिशानमध्ये दोन घरी देऊन झालं होतं आणि दोन्हीकडे माझ्यापेक्षा जास्त शाकाहारी कुणीतरी आधीच येऊन गेलं होतं. क्वीन्सटाउनच्या काकूंनी फोनवर हाच प्रश्न विचारला. मी हेच उत्तर दिलं. पलीकडून आवाज आला, "मग तुझा मला काही उपयोग नाही. ठेवते."

मी नुकतीच पोस्टडॉक म्हणून, पीएच.डी.नंतरच्या संशोधनाला आले होते. होस्टेलची मुदत संपत आली होती आणि माझ्या लॅबला क्वीन्सटाउनहून जाणं सोयीचं होतं. मी तिथल्या तिथे परत फोन लावला.

"काकू, मी मटण खाते. मासेही खाते."

"मग मघाशी खोटं का बोललीस?"

"सगळ्यांना हेच उत्तर हवं असतं."

"मला नकोय. शनिवारी बाराला ये. पोट रिकामं ठेवून ये."

शनिवारी बाराव्या मजल्यावरचं दार उघडलं ते एका किडकिडीत, साठीच्या पुढच्या बाईंनी. अंगावर विटकी चौकड्यांची साडी, पदर खोचलेला, डोक्याला आंघोळीची प्लॅस्टिकची टोपी. मी नमस्काराला वाकणार तोच त्या दोन पावलं मागे सरकल्या. "शिवू नकोस. मी सोवळ्यात आहे." आणि स्वयंपाकघरातून मटण शिजल्याचा खमंग वास येत होता. मी पुण्याची आहे, सोवळं म्हणजे काय ते मला सांगायला नको. पण हे कुठलं सोवळं, ते काही मला कळेना.

"उलटं," काकू म्हणाल्या. "ही साडी, ही टोपी, हे पातेलं आणि स्वयंपाकघरामागच्या बाल्कनीतली ती शेगडी, हे सगळं फक्त ब्रॉथसाठी. तो झाला की आंघोळ करायची, मग माझ्या ओट्याला हात लावायचा. तोवर मला कुणी शिवायचं नाही आणि मी कशाला शिवायचं नाही."

काकू मूळच्या वाईच्या, जन्माच्या शाकाहारी. तरुणपणी गणित शिकवायला सिंगापूरला आल्या आणि इथल्याच झाल्या. त्यांचे यजमान स्कॉटिश. जहाजांच्या इंजिनांवर आयुष्य काढलेला सहा फुटी माणूस, मी त्यांना अंकल म्हणत असे. काकू त्यांना "अहो" म्हणत आणि ते त्या हाकेला ओ देत. दर शनिवारी या घरात स्कॉच ब्रॉथ होई. मेंढीच्या मानेचं मटण, बार्ली, वाळलेले वाटाणे, गाजर, सलगम, कांद्याच्या पातीसारखी लीक आणि कोबी, हे सगळं एका पातेल्यात सकाळभर मंद आचेवर ठेवून केलेलं ते दाट सूप. हा पदार्थ दोन वाट्यांपुरता होत नाही. पातेलंभर केला तरच त्याला चव येते, असं अंकल म्हणत. अंकल दोन वाट्या खात. उरलेलं संपवायला मांसाहारी भाडेकरू लागे आणि टाकून देणं काकूंच्या स्वभावात नव्हतं. माझी निवड या कामासाठी होती.

त्या पहिल्या जेवणात माझ्या एक गोष्ट लक्षात आली. काकूंनी ब्रॉथ वाढला, अंकलसमोर वाटी ठेवली आणि तोंडी परीक्षा घेतल्यासारखे प्रश्न सुरू केले.

"मीठ?"

"हं."

"मिरी?"

"हं."

"मान?"

अंकलनी एक तुकडा चावला, विचार केला आणि चक्क मराठीत म्हणाले, "चालेल."

मग माझी वाटी आली. ब्रॉथ अप्रतिम होता. मी न राहवून विचारलं, "तुम्ही करताना चाखून बघत नाही?"

"मी शाकाहारी आहे."

"मग मिठाचा अंदाज?"

काकूंनी मला वर्गातल्या ढ मुलीकडे बघावं तसं पाहिलं. "तुझी आई नैवेद्याचा स्वयंपाक चाखून करते का गं? पुरणावरणाचा सगळा स्वयंपाक होतो, देवाला दाखवून होईपर्यंत कुणी जिभेला लावतं का? मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून असाच स्वयंपाक शिकलेय. मीठ हाताला कळतं, शिजलेलं वासाला कळतं. आणि देव बिचारा काही बोलत तरी नाही. हे बोलतात. मग अवघड काय आहे त्यात?"

 नैवेद्याचा नियम त्या घरात पक्का होता. अंकलचा पहिला घास होईपर्यंत पातेल्याला कुणी चमचा लावायचा नाही. एकदा मला लॅबमध्ये जायची घाई होती म्हणून मी उभ्याउभ्या एक डाव वाढून घेऊ लागले, तर काकू बाल्कनीतून ओरडल्या, "उष्टं करू नकोस, आधी त्यांना!" मी उपाशी लॅबमध्ये गेले आणि दिवसभर त्यांच्यावर चिडून होते. संध्याकाळी आले तर माझ्या टेबलावर झाकलेली वाटी होती.

ही दोन माणसं एकमेकांना भेटली ती वाचनालयात. अंकल पुस्तकाचं पान दुमडून खूण करत होते आणि काकूंनी जाऊन त्यांना सगळ्यांसमोर झापलं. तेव्हा दोघांचीही चाळिशी जवळ आली होती आणि दोघांनीही लग्नाचा विषय कधीच बंद केला होता. लग्नानंतर अंकल शनिवारी स्वतःच ब्रॉथ करायचे. काकू सांगत, "मी त्यात पडणारच नव्हते. पण हे गाजर चिरत नव्हते गं, गाजराचा सूड घेत होते. मला बघवेना. म्हटलं, सरका."

अडचण अशी होती की अंकलना आपल्या आईच्या ब्रॉथसारखा ब्रॉथ हवा होता आणि तो कसा होता ते त्यांना सांगता येत नव्हतं. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. स्कॉटलंडमधल्या बहिणीला फोन केला तर ती म्हणाली, त्यात सांगण्यासारखं काय आहे. मग काकूंनी गणिताच्या बाईने धरावा तो रस्ता धरला. दर शनिवारी फक्त एक गोष्ट बदलायची आणि अंकलना विचारायचं. एका शनिवारी बार्ली जास्त, पुढच्या शनिवारी लीक उशिरा. सिंगापूरच्या मंडईत टर्निप, म्हणजे सलगम, मागितलं तर भलताच पांढरा, गोडसर कंद हातात येतो. तोही एकदा पडला आणि अंकल ती वाटी बघून नुसते हसत बसले. असं करत करत काही वर्षांनी एका शनिवारी अंकल खाता खाता थांबले आणि उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्या शनिवारी काय काय घातलं होतं ते काकूंनी कायमचं पक्कं केलं.

"एका वेळी एकच गोष्ट बदल," हे त्यांचं पालुपद. माझे लॅबमधले नमुने महिनाभर वाळताना तडकत होते तेव्हा त्यांनी जेवताना मला सगळं विचारून घेतलं. मी म्हटलं, मी तापमान बदललं, द्रावण बदललं, शिवाय वाळवायची वेळही बदलली. काकूंनी घास खाली ठेवला. "अगं, तीन पोरांना एकदम वर्गाबाहेर काढलंस, आता दंगा कोण करत होतं ते तुला कोण सांगणार?" मला राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं. त्यांचं बरोबर असे आणि ते त्यांना ठाऊक असे, हीच त्यांच्याबरोबर राहण्यातली मुख्य अडचण होती.

मटण आणायला त्या स्वतः जात. मंडईतल्या मटणवाल्यासमोर उभं राहून छत्रीच्या टोकाने दाखवत, ही मान नको, ती. चरबी किती हवी ते अंगठ्याच्या नखावर दाखवत. तो तुकडे करून पिशवीत घाले, ती दुसऱ्या पिशवीत, ती तिसऱ्या पिशवीत, आणि मग तिसऱ्या पिशवीचे बंद काकू दोन बोटांनी धरत. एकदा मी बरोबर होते. मटणवाला हसत म्हणाला, "आंटी, यू नेव्हर ईट वन, हाउ यू नो विच पीस गुड?"

"मटण मला नाही कळत," काकू त्याला इंग्रजीत म्हणाल्या. "नवरा कळतो."

मराठी मंडळींत त्यांच्याबद्दल कुजबुज असे. गणपतीत एक बाई त्यांना अगदी काळजीच्या सुरात म्हणाल्या, "काकू, तुम्ही म्हणे घरात मटण करता? तेही शनिवारी?" काकूंनी मोदकाची कळी दाबता दाबता उत्तर दिलं, "करते. खात नाही. तुम्ही खाता, पण तुम्हाला करता येत नाही, असं तुमचे यजमानच सांगत होते. आणि शनिवारचं म्हणाल तर मारुतीला मी नारळ देते आणि यांना ब्रॉथ. दोघांपैकी कुणाचीच तक्रार नाही." 

मला काकू आवडायच्या. फार आवडायच्या. पण त्यांची खरी धडाडी मी पाहिली ती माझ्या तिथल्या दुसऱ्या वर्षी, अंकलना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा.

उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. त्याहून वाईट म्हणजे गिळता येईना. हॉस्पिटलमध्ये नाकातून नळी घातली. अंकलनी ती डाव्या हाताने ओढून काढली. पुन्हा घातली, पुन्हा काढली. मग नर्सनी त्यांच्या डाव्या हातावर गादीसारखा जाडजूड हातमोजा चढवला आणि मनगटाशी बांधून टाकला. आयुष्यभर इंजिनं खोलून जोडणारा तो हात त्या पांढऱ्या गोळ्यात घालून अंकल छताकडे बघत पडले होते. काकू शेजारी बसून त्या मोज्याकडे बघत राहिल्या. रोज जायच्या आणि रोज तेच. घरी येताना बसमध्ये मला एवढंच म्हणाल्या, "हात बांधलेला माणूस मी माझ्या घरात बघणार नाही."

काही आठवड्यांनी गिळणं थोडं सुधारलं, नळी निघाली आणि अंकल व्हीलचेअरवर घरी आले. गिळण्याचं शिकवणारी थेरपिस्ट घरी येई, एक चिनी मुलगी, हसरी पण कामाला पक्की. तिने सांगितलं की पातळ काही द्यायचं नाही, ते फुप्फुसात जाईल. गुठळ्या नकोत, एकजीव वाटलेलंच द्यायचं, प्रत्येक घासाला हनुवटी खाली. काकूंनी ब्रॉथचं विचारलं तर ती घाबरलीच. "आंटी, सूप कॅनॉट! पाणी वेगळं, तुकडे वेगळे, दॅट वन मोस्ट डेंजरस."

"माझं सूप बघितलं नाहीयेस तू," काकू म्हणाल्या.

पुढच्या वेळी ती आली तेव्हा काकूंनी ब्रॉथ तयार ठेवला होता. हाडं काढून, मिक्सरमधून वाटून, चाळणीतून गाळून. बार्लीमुळे तो इतका दाट झाला होता की थेरपिस्टने चमचा तिरका केला तर गोळा जागचा हलेना, मग सावकाश एकसंध घसरला. तिने पुन्हा करून पाहिलं. "वा, आंटी, कॅन! व्हेरी कॅन!" म्हणजे चालेल, अगदी चालेल. काकूंनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

पण अंकल खाईनात. गिळता येत होतं, थेरपिस्टने ते नीट तपासलं होतं. ते तोंडच उघडत नव्हते. चमचा ओठांशी आला की खिडकीकडे मान फिरवायची. हॉस्पिटलचा आहार नाही, खीर नाही, ब्रॉथही नाही. औषधं कशीबशी जात. हाडं दिसायला लागली. शुक्रवारी थेरपिस्ट जाताना काकूंना बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाली, की सोमवारपर्यंत त्यांनी खायला सुरुवात केली नाही तर पुन्हा नळी, दुसरा इलाज नाही. आणि नळी म्हणजे मोजा, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

शनिवारी काकू पहाटेपासून चौकड्यांच्या साडीत. दुपारी मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होते, त्या वाटलेल्या ब्रॉथच्या पातेल्यासमोर उभ्या होत्या आणि मी त्यांना पहिल्यांदाच डळमळताना पाहिलं.

"मीठ बरोबर आहे की नाही, आता मला कोण सांगणार?" त्या म्हणाल्या. "वाटल्यावर चव बदलत असेल. हाताला कळत नाहीये मला. इतकं दाट मी कधी केलं नव्हतं."

"तुम्हीच बघा ना चाखून. आता एवढं काय त्याचं?"

"अगं, मी चाखून काय उपयोग? तो कसा लागायला हवा तेच मला माहीत नाही. उत्तर ठाऊक नसताना ताळा कसा करणार?" मग त्यांनी चमचा माझ्यापुढे धरला. "तू दोन वर्षं खातेयस. तू सांग."

"आधी? अंकलच्या आधी?"

"हो, आधी. बघू नकोस माझ्याकडे अशी. घे."

मी चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. मेंढीच्या मानेचा तो गोडवा, मागून येणारी मिरी, बार्लीचा मऊपणा, सगळं होतं.  "हाच आहे काकू. अगदी हाच."

"नक्की?"

"नक्की."

"मग चूक माझ्याकडची नाही," असं म्हणून त्यांनी वाटी भरली आणि बाहेर गेल्या.

अंकल जेवणाच्या टेबलाशी व्हीलचेअरवर बसले होते, गळ्याशी टॉवेल. काकूंनी चमचा पुढे केला. अंकलनी मान फिरवली. पुन्हा केला, पुन्हा फिरवली. काकू संतापल्या की त्यांच्याशी मराठीत बोलत, आणि अंकलना शब्द कळोत न कळोत, मतलब कळे. "अहो, सोमवारी ती पोरगी नळी घेऊन येणार आहे. परत तो मोजा बांधतील. मी नाही सहन करणार ते, सांगून ठेवते!" अंकल खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता की हट्ट नव्हता. काहीच नव्हतं, आणि तेच भयंकर होतं.

 काकूंनी खुर्ची ओढली, अंकलच्या समोर बसल्या आणि वाटी स्वतःपुढे घेतली.

"ठीक आहे. तुम्ही नाही खात तर मी खाते."

"काकू!" मी म्हटलं.

"तू मध्ये बोलू नकोस."

त्या धमकी देत नव्हत्या. वर्गात जे करणार नाही ते कधी बोलले नाही, असं त्या नेहमी सांगत आणि ते खरं असणार. त्यांनी चमचा भरला आणि तोंडात घातला. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीच उमटलं नाही. मग गळ्याची शीर ताठ झाली, डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी तो घास गिळला. त्यांनी दुसरा चमचा भरला. तोही तोंडापर्यंत नेला.

अंकलची मान कधी वळली ते मी पाहिलं नाही. ते काकूंकडे बघत होते. त्यांच्या घशातून एक आवाज निघाला, ओबडधोबड, मोठा. घरी आल्यापासून त्यांनी कुणाला उद्देशून काढलेला तो पहिला आवाज. टेबलावरून त्यांचा डावा हात पुढे आला आणि त्याने वाटीची कड धरली.

"सोडा," काकू म्हणाल्या. "मी खातेय."

अंकलनी सोडली नाही. त्यांनी वाटी आपल्याकडे ओढली, थोडा ब्रॉथ टेबलक्लॉथवर सांडला. आणि काकूंच्या डोळ्यांत बघत त्यांनी मान हलवली, नाही, नाही. त्या माणसाने त्या टेबलावर इतकी वर्षं मटण खाल्लं, पण बायकोला एकदा, चेष्टेतसुद्धा, "घे ना एक घास" म्हटलं नव्हतं. स्वतः उपाशी मरायला तो तयार होता. आपल्यापायी तिने हे तोंडात घालावं, एवढं मात्र त्याला सोसवेना. हे मला काकूंनी किंवा कुणीही सांगितलेलं नाही. त्या टेबलाशी उभं असलेल्या कुणालाही ते दिसलं असतं.

मग त्यांनी काकूंच्या हातातून चमचा काढून घेतला.

डाव्या हाताची सवय नव्हती. चमचा अर्धा भरला, अर्धा सांडला.

"हनुवटी खाली," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज फुटला होता.

अंकलनी हनुवटी खाली केली, घास घेतला. आम्ही दोघी त्यांच्या गळ्याकडे बघत होतो. गळा वर गेला, खाली आला. ठसका नाही. त्यांनी पुन्हा चमचा वाटीत घातला. वाटी मात्र कोपराने आपल्याजवळ दाबून धरली होती, काकूंचा हात पोचणार नाही अशी.

काकू रडत होत्या, उघडउघड, नाक ओढत, लपवायचा काही प्रयत्न न करता. मीही रडत होते. अंकल खात होते. मग काकू उठल्या, बेसिनपाशी गेल्या, खळखळून चूळ भरली, पुन्हा भरली, पदराने तोंड पुसलं आणि तिथूनच नेहमीच्या वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "त्या पोरीला फोन कर आणि सांग, सोमवारी ये, पण नळी आणू नकोस. आणि इथे उभी काय राहिलीस? पातेलं गरम कर, त्यांची वाटी संपत आली."